न फोडलेली पाकिटं

माझ्या यादीतले साळवीकाका वारले. काकूंना भेटायला गेले, तर खिडकीत काकांच्या गोळ्यांची पाकिटं उन्हात चमकत होती. एकही फोडलेलं नव्हतं.

हॉस्पिटलातून घरी गेलेल्या पेशंटांची विचारपूस करणं हे माझं काम. अनेक अभ्यास एकत्र पडताळून लिहिलेला अहवाल सांगतो, की नियमित फोन केला तर पेशंट सावरतात. ते खोटं नाही. म्हणून दर सोमवारी मी विचारायचे, "काका, गोळ्या घेता ना?" ते म्हणायचे, "हो, बरं आहे." मी कागदावर खूण करायचे.

"गोळीनं चक्कर यायची त्यांना," काकू म्हणाल्या. "पण पोरगी एवढ्या मायेनं विचारते, तिला नाही कसं म्हणू, म्हणायचे."

भिडेपोटी हो म्हणणारा माणूस अहवालाच्या कुठल्या रकान्यात बसत असेल?

आज यादीतल्या पुढच्या आजींना फोन लावला. "बरं आहे गं," त्या म्हणाल्या. खूण करायला हात धजेना.