इकडचं गाव

आमच्या कुटुंबाने माझं नाव उभ्या जन्मात दोनदाच घेतलं. एकदा लग्नाच्या मांडवात आणि एकदा टेंभी नाक्यावर, बैलगाडीवाल्यापुढे.

मांडवातलं सगळ्यांचंच असतं, ते सोडा. नाक्यावरची हकीकत सांगतो. तीत माझी पुरती शोभा झालेली आहे, पण आता झाली ती झाली!

ठाण्याच्या कचेरीतली कारकुनी संपवून मी पेन्शनीत निघालो. आता भाड्याची खोली सोडून एखाद्या गावी जाऊन राहायचं होतं. गावं दोन होती. एक मोरपाडा, डोंबिवलीला आगगाडीतून उतरून पुढे डोंगराच्या अंगाला. तिथे वडिलांचं घर, भाताचं खाचर, आंब्याची झाडं आणि साखरेसारखं गोड पाणी. दुसरं राघोली, घोडबंदरच्या वाटेवर, अगदी खाडीच्या काठी. तिथे मावशीने मला ठेवलेलं घर, समोर मिठागरं, आणि पाणी असं मचूळ की डाळ दुपारपर्यंत शिजायचं नाव घेत नाही. पण मासळी! सकाळी होडी लागली की बोईट, कोळंबी, चिंबोऱ्या थेट दारात! माझा जीव कुठे अडकला होता ते वेगळं सांगायला नको. मोरपाड्यात ताजा मासा म्हणजे ओढ्यातला, तोही पावसाळ्यात, तोही त्याची मर्जी असेल तर.

निमूटपणे राघोलीला जायचं सोडून मला सुधारणेची हुक्की आली. स्त्रियांचंही मत विचारावं, असं एक व्याख्यान मी नुकतंच वाचनालयात ऐकलं होतं. (व्याख्याते ब्रह्मचारी होते, हे मागाहून कळलं.) घरी आलो, पगडी खुंटीला लावली आणि मत विचारलं.

"अगं, कुठल्या गावी राहायचं? तू म्हणशील तिथे!"

ती तांदूळ निवडत होती. सूप हातातून पडायचंच राहिलं. "अगंबाई! मला मेलीला काय कळतंय त्यातलं?"

"ते काही नाही. मनात असेल ते सांग."

ती लाजली (या वयात!), पदर सावरला आणि हळूच म्हणाली, "मला बाई इकडचं गाव बरं वाटतं."

आता, आमच्यात बायका नवऱ्याला 'इकडे' म्हणतात. 'इकडून जेवण झालं का?', 'इकडची स्वारी केव्हा आली?' अशी आमची भाषा. तेव्हा इकडचं गाव म्हणजे माझं गाव, आणि माझं गाव म्हणजे वाडवडिलांचं. मोरपाडा! माझ्या डोळ्यांपुढून बोईट, कोळंबी आणि चिंबोऱ्या रांगेने निघून गेल्या.

"इकडचं म्हणजे... अगदी इकडचंच ना?" मी एकदा चाचपून पाहिलं.

"इश्श! आता किती वेळा वदवून घ्यायचं?"

मत विचारलं होतं, मोडता कसा घालणार? सासरच्या घरावर हिची एवढी माया बघून मला गहिवरूनही आलं. "ठरलं तर मग, तू म्हणतेस तेच गाव," एवढंच मी म्हणालो. मोरपाडा हा शब्द काही माझ्या तोंडून निघेना. घशात काटा अडकावा तसा अडकायचा. (बघा, काटासुद्धा माशाचाच!)

आणि मग घोटाळ्याला सुरुवात झाली. दुसऱ्या दिवशी पाहतो तर हिने लोणच्याच्या सगळ्या बरण्या शेजारच्या यमुनाकाकूंना देऊन टाकल्या.

"अगं, लोणचं कशात घालशील?"

"तिथे कसले मेले आंबे!"

मी चक्रावलो. वडिलांनी हाताने लावलेली झाडं! कुणी तोडली की काय? आणि ते हिला कळलं, मला नाही? तोवर ती म्हणाली, "पाणी तेवढं मचूळ. पण होईल सवय." म्हणजे विहीरही नासली? मी हबकलोच. त्यात ती विळीला धार लावून घेऊन आली. "मासळी कापायला नको का?" असं तिने इतक्या आनंदाने विचारलं, की या भोळ्या जिवाला खरं कसं सांगावं तेच मला सुचेना.

शेवटी मोरपाड्याला माझा चुलतभाऊ तात्या राहतो, त्याला निरोप धाडला की विहीर आणि झाडं जागेवर आहेत का. त्याचा उलटा निरोप आला, "राघो, विहीर आहे, झाडं आहेत. तुझं डोकं जागेवर आहे का?"

मी मोरपाड्याला एक दिवस आधी जाऊन घर झाडून घ्यायचं ठरवलं. हिला 'पुढे जाऊन घर झाडून ठेवतो' एवढंच सांगितलं. ही काकूंच्या सोबतीने सामानाच्या गाडीतून मागून येणार होती. नाक्यावर पांडू गाडीवानाला गाठून मी ऐटीत सांगितलं, "उद्या घरून सामान घे आणि बाई सांगतील तिथे ने. आमच्याकडे बाईंचं मत चालतं!"

मोरपाड्यात तात्याने दारी तोरण बांधलं होतं. दुसऱ्या दिवशी सगळं गाव ओट्यावर येऊन बसलं. दुपार झाली, गाडी नाही. उन्हं कलली, गाडी नाही. "येईल रे," असं म्हणत तात्या सगळ्यांना गूळपाणी देत होता. मी मात्र सारखा वेशीपर्यंत जाऊन येत होतो. गाडी पुलावरून खाली गेली असेल, बैल उधळले असतील, वाटेत चोर भेटले असतील! खरं सांगतो, त्या घटकेला मला मासळीही नको होती आणि गावही नको होतं. ती समोर दिसावी, बस!

सकाळी धावत-पळत ठाण्याला आलो. नाक्यावर पांडू तंबाखू मळत बसलेला!

"अरे पांडू, आमचं कुटुंब कुठे आहे?"

"कुठं म्हंजे? राघोलीस! बाईंनीच सांगितला की."

"बाईंनी? नाव घेऊन सांगितलं?"

"तेच तर घेईनात! सामान घेऊन नाक्यावर आलो नि मी इचारला गाडी कुठं न्यायची, तर म्हनतात इकडच्या गावाला. मी म्हनलो, कुठल्या इकडच्या? तर म्हनतात, इकडच्या म्हंजे इकडच्या! बैल ताटकळले, मागं चार गाड्या खोळंबल्या. शेवटाला काकू म्हनल्या, उखाण्यात घे गो! तवा घेतला." आणि त्या टोणग्याने भर नाक्यावर, पदर सावरल्यासारखं करून, म्हणून दाखवलं:

"भरतीच्या पाण्यावर डोलत होडी आली,
राघोपंतांचं नाव घेते, गाडी न्या राघोली!"

चार माणसं हसली. पाचवा मी, नाइलाजाने.

राघोलीला पोचलो तर ही दारातच उभी, डोळे रडून लाल. "इकडून जाणं तरी कुठे झालं होतं? जीव नुसता टांगणीला लागला होता माझा!"

"मोरपाड्याला! तूच म्हणालीस ना, इकडचं गाव?"

"अहो, ते तर मामंजींचं गाव!" (माझे वडील मोरोपंत. म्हणजे तेही नाव हिच्या तोंडी वर्ज्य!) "इकडचं म्हणजे ज्याच्यात इकडचं नाव आहे, ते! खाडीवरून वारा आला की मला माहेरी आल्यासारखं वाटतं. जन्मात एकदा कुणी मला विचारलं, म्हणून मी धीर करून सांगितलं..." आणि तिला पुन्हा रडू फुटलं.

मी म्हटलं, "अगं, मलाही हेच हवं होतं!" तशी ती रडता रडता हसली, आणि चुलीवरून कोळंबीच्या कालवणाचा वास आला.

आता आम्ही राघोलीतच असतो. डाळ अजून शिजत नाही. पाहुणे येतात, वारा खातात, माशांवर ताव मारतात आणि विचारतात, "वहिनी, एवढं छान गाव निवडलं कुणी हो?"

ती मान खाली घालून म्हणते, "निवडणं इकडूनच झालं."

पाहुणे कौतुकाने माझ्याकडे बघतात, आणि मीही मिशीवरून हात फिरवतो. खरं कोण सांगतो? गाव निवडून, गाडी हाकवून हिने चूल पेटवली, तेव्हा इकडची स्वारी तिकडे तोरणाखाली बसली होती!