तन्वीचा कॉर्कचा पासपोर्ट

आमच्या ह्यांना, म्हणजे पद्माकररावांना, जहाजाच्या इंजिनाचं दुखणं नुसत्या आवाजावरून कळतं. स्वतःचं चुकलंय हे मात्र वर्षानुवर्षं कळत नाही. तीस वर्षं संसार केलाय, तेव्हा मला बोलायचा हक्क आहे.

शहाण्णव साली हे आयर्लंडमध्ये, कॉर्कच्या बंदरात जहाजदुरुस्तीच्या कामावर होते. आमची तन्वी त्याच साली तिथे झाली, म्हणजे जन्मानं आयरिश. पण हे आपले ज्याला त्याला सांगत सुटायचे, "आम्ही हल्ली इंग्लंडला असतो..." एकदा शेजारच्या नोराबाई अशा भडकल्या! "हे इंग्लंड नाही. आमचा देश वेगळा आहे आणि युरोपात आम्ही आमच्या नावानं आहोत." हे हसले. "अहो, मग पाउंड कसे चालतात इथे?" तेव्हा आयर्लंडचंही चलन पाउंडच होतं, फक्त त्यांचं स्वतःचं. ते समजून घ्यायला ह्यांना फुरसत कुठली?

पुढे सिंगापूरला आलो, वुडलँड्स भागात फ्लॅट घेतला, तिघंही इथले नागरिक झालो. तन्वी लहान, म्हणून तिचे दोन्ही पासपोर्ट चालले. बावीस पूर्ण व्हायच्या आत एक सोडायचा, असा इथला नियम. तिला एकदा तरी जन्मगावी जाऊन राहायचं होतं, तिथे नोकरी करायची होती. कॉलेजात असल्यापासून तेच चाललं होतं तिचं.

आमच्याकडे सगळे फॉर्म ह्यांनीच भरायचे. माझ्या लायब्ररीच्या कार्डाचासुद्धा! सतरा साली तन्वीनं विचारलं, "बाबा, कुठला ठेवू?"

"आयर्लंडचा ठेवून काय करणार? ब्रेक्झिट होतंय, ब्रिटन निघालंय युरोपातून, त्याच्याबरोबर तेही गेलं. तेवढ्याशा बेटासाठी इथलं सोडायचं? काहीतरीच तुझं!" ह्यांनी आयर्लंडचा सोडायचा फॉर्म भरला आणि सहीच्या जागी पेन्सिलीनं फुली मारून दिली. तन्वीनं मुकाट्यानं सही केली.

मला काय ठाऊक नव्हतं? आयर्लंड कुठेही जात नव्हतं. पण पोरगी जवळ राहील, या लोभानं मी कुकर लावायला निघून गेले.

दोन वर्षांनी जहाजावर एक आयरिश इंजिनिअर भेटला. ह्यांनी त्याच्याकडे आयर्लंडचा युरोप सुटल्याची हळहळ व्यक्त केली, तेव्हा त्यानं ह्यांना चांगलंच सुनावलं. हे घरी आले ते पडलेल्या चेहऱ्यानं. तन्वी ऑफिसातून आली तशी तिला म्हणाले, "माझं चुकलं गं. आयर्लंड युरोपातच आहे. मला खरंच माहीत नव्हतं."

तन्वी बूट काढता काढता थांबली. इथल्या मुलांसारखं 'लाह' लावून म्हणाली, "मला माहीत होतं लाह, बाबा. सगळ्यांनाच माहीत होतं."

"मग सही का केलीस?"

"मला वाटलं, तुम्हालाही माहीत आहे. मी जाऊ नये म्हणून मुद्दाम तसं म्हणताय. तुमच्या तोंडून 'राहा' निघत नाही ना, म्हणून." तिनं दुसरा बूटही काढला. "म्हणून राहिले मी."

मग तन्वीनं माझ्याकडे पाहिलं. "आई, तुला तरी माहीत होतं का?"

मी हो म्हटलं.