चुलीभोवती तीन फेऱ्या

मी निघालो त्या सकाळी आई मागच्या सोप्यात कोंबड्या सोडत होती. जीप दारात उभी, बॅगा टपावर बांधलेल्या, निम्मी गल्ली आमच्या कट्ट्यावर जमलेली, आणि ही बाई उकिडवी बसून डालगं उचलतेय. डालगं म्हणजे बांबूची मोठी पालथी टोपली. रात्री कोंबड्या तिच्याखाली आणि वर दगड.

मी ओरडलो, "आई, विमान थांबायचं नाही माझ्यासाठी!"

"कोंबड्या तरी कुठं थांबत्यात," ती म्हणाली.

मग पदराला हात पुसत आली आणि माझ्या तळहातावर दही ठेवलं. थोरला भाऊ, ज्याला आम्ही दादा म्हणतो, खांबाला टेकून उभा होता. तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "जातोयस तर नीट जा. एक पाय हितं, एक पाय तिथं, असलं नको." कट्ट्यावरची माणसं हसली. मी काही बोललो नाही. माझा स्वभाव असा की दिलेलं उत्तर मी तासाभरात विसरतो, न दिलेलं मात्र पोटात राहतं. ते २०११ साल होतं. अजून राहिलंय.

तुम्ही जे गडहिंग्लजच्या आसपासच राहिलात, तुम्हाला वाटतं आम्ही सुटलो. आणि जे माझ्यासारखे निघालात त्यांना ठाऊक आहे की आधी इथे किवींच्या देशात, टौरंगाच्या फळं भरायच्या पॅकहाउसमध्ये किवीफळांच्या ट्रेपुढे उभं राहून पाय सुजवावे लागतात, आणि डिप्लोमाचा अभ्यास त्यातूनच उरकावा लागतो. मला कुणी हात दिला नाही, मी मागितलाही नाही. आमचे वडील, आप्पा, आठवडी बाजारात मिरची विकायचे. ते म्हणायचे, "ज्याला भाव करता येतो, तो कुठंबी उपाशी मरत न्हाई." इथली माणसं चिठ्ठीवरची किंमत वाचतात आणि मुकाट्याने देतात. मला ते बघवत नाही. पुढे हॅमिल्टनमध्ये जुन्या गाड्यांच्या यार्डात लागलो तेव्हा मालक महिन्याभरात म्हणाला, तू विकत घ्यायला जा, विकायला दुसरे आहेत. त्या जोरावर हॅमिल्टनमध्येच, रोटोटुना भागात घर झालं. तोवर आप्पा गेले होते.

मग एक दिवस दादाचा फोन आला. बोलता बोलता, जणू पंखा बदलला अशा सुरात तो म्हणाला, "परड्यात दोन खोल्या काढल्या. भाड्यानं जातील." आमचं परडं. पेरूचं झाड, धुण्याचा दगड, आणि कडेला पाणी तापवायची चूल. सगळं काढून खाली काँक्रीट. आईच्या कोंबड्या कुणाला तरी देऊन टाकल्या होत्या.

मी म्हणालो, "मला विचारायचं तरी."

"विचारायला तू हुतास का हितं?"

त्या दिवशी मी फोन आपटला आणि फोनची काच गेली.

मी आईला म्हणालो, माझ्याकडे ये, कायमची नाही तरी होईल तितकी. ती म्हणाली, "तिथं दिवसभर मी करू काय?" मला हे सोपं वाटलं. सौद्यात समोरच्याला काय हवंय ते कळलं की निम्मं काम झालेलं असतं. दादाने परडं मोडलं, तर मी परडं देईन. काउन्सिलकडे, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडे, चौकशी केली. कोंबड्या चालतील, कोंबडा नाही, शेजाऱ्यांची झोप मोडते. मी बॅकयार्डात खुराडं बांधायला घेतलं. आई कुणाकडे राहते ते एकदा दादाला दिसू दे, असं मनात होतं. ते मी लपवत नाही.

एका पाडकामाच्या यार्डातून लाकूड आणि पत्र्याचे तुकडे मिळवले. षट्कोनी भोकांची जाळी एका माणसाच्या शेडमध्ये पडून होती. त्याच्याशी इतकी घासाघीस केली की शेवटी तो हसून म्हणाला, घेऊन जा बाबा. मी बांधलं ते आपल्याकडचं डोक्यात ठेवून. आपल्याकडे घार वरून येते, म्हणून छपराला दुहेरी जाळी. मांजर दारातून येतं, म्हणून दाराला दोन कड्या. खाली जमीन मोकळीच ठेवली, कोंबडीला माती उकरायला हवी.

शेजारचा म्हातारा ग्रॅहम जँडल्स, म्हणजे रबरी चपला, फटफटत कुंपणाशी आला. त्याच्या इंग्रजीचा अर्थ असा, "छान आहे मेट. पण ही जाळी चूक्सना आत ठेवेल. बाहेरच्याला बाहेर नाही ठेवणार." कोंबड्यांना हे लोक चूक्स म्हणतात. माझं डोकं तापलं. म्हटलं, माझ्या आईने जन्मभर कोंबड्या पाळल्यात, मला शिकवू नको. तो "स्वीट अ‍ॅज" म्हणून, म्हणजे 'ठीक आहे' म्हणून, निघून गेला.

तीन तलंगा आणल्या, अजून अंड्यावर न आलेल्या, तपकिरी. एका सकाळी तिन्ही मेलेल्या होत्या. खाल्लेलं काहीच नव्हतं, फक्त मानेशी दातांच्या खुणा. स्टोट नावाचं जनावर असतं इथे, आपल्या मुंगसाचा बारका गोरा चुलतभाऊ. जाळीच्या भोकातून वाहत्यासारखं आत येतं. ग्रॅहम काही न विचारता कुदळ घेऊन आला. सगळी जाळी उचकटली. बारीक चौकोनी, वेल्ड केलेली जाळी आणली, ती चारही बाजूंनी जमिनीखाली पुरली आणि खाली बाहेरच्या बाजूला पदरासारखी पसरली, म्हणजे उकरणाऱ्याच्या पंज्याला आधी जाळीच लागेल. त्या जाळीसाठी मी भाव केला नाही. आयुष्यात तेवढीच वेळ.

२०१७ च्या वसंतात, म्हणजे तुमच्या दिवाळीच्या आसपास, आई आली. आदल्याच दिवशी नव्या तीन तलंगा खुराड्यात सोडल्या होत्या. ऑकलंडच्या विमानतळावरून गाडीने आणलं. घरी पोचल्यावर चहाही न घेता मी तिला मागे नेलं. तिने कड्या पाहिल्या, जाळीवर बोट फिरवलं, छताकडे पाहिलं.

"लई मजबूत हाय," ती म्हणाली. "कोंबडा कुठं हाय?"

"इथे ठेवू देत नाहीत."

"मग तांबडं फुटलेलं कळतं कसं?"

"मोबाइलवर."

ती आत वाकली, एक तलंग काखेत मारली आणि थेट घरात गेली. आमच्याकडे नवी कोंबडी आणली की चुलीभोवती तीनदा फिरवतात, म्हणजे ती घर सोडून जात नाही. मी हे साफ विसरलो होतो. तुमच्याकडे ओटा भिंतीला चिकटलेला असतो, त्याला फेरी मारता येत नाही. इथे किचनच्या मधोमध आयलंड असतं, सुटा ओटा, त्यावर काचेची शेगडी. आईने ते बघितलं आणि तिचा चेहरा पहिल्यांदा उजळला.

"ही चूल बरी हाय," ती म्हणाली आणि निघाली फेरीला.

माझी बायको वैशाली पुण्याची, आयटीतली, घरात अंडंसुद्धा वेगळ्या पातेल्यात उकडणारी. ती किंचाळली, "ईऽ, आई! अहो, किचनमध्ये कोंबडी!"

"चूल किचनमध्येच आसती न्हवं?" आई म्हणाली आणि दुसरी फेरी सुरू केली. आमची मुलगी सई टाळ्या पिटत होती. "आजी, डू इट अगेन!" आईने तिन्ही तलंगा फिरवल्या. त्या दिवशी मला वाटलं, मी जिंकलो.

आठ दिवसांनी ती म्हणाली, "आता सोड त्यास्नी भाईर."

"नको. कुत्री आहेत, स्टोट आहे."

"आठ दिवस डालग्याखाली, मग मोकळ्या. सांजच्याला आपसूक येत्यात. तू तर जन्माच्या कोंडल्यास."

मी ऐकलं नाही. ती रोज सकाळी खुर्ची घेऊन जाळीपाशी बसायची. आत कोंबड्या, बाहेर ती, आणि तिन्ही बाजूंनी माणसाहून उंच लाकडी कुंपण. आमच्या रस्त्यावर दिवसा कुणी चालत नाही. कोपऱ्यावरच्या डेअरीपर्यंत, म्हणजे किराणा दुकानापर्यंत, मी तिला नेलं तर दुकानदाराने "किया ओरा" म्हणून इथला नमस्कार केला आणि ती पदर सावरून नुसती उभी राहिली. सईला तिचं सगळं कळायचं, पण उत्तर इंग्रजीत यायचं. आई मला विचारायची, "काय म्हणाली?" मी सांगेपर्यंत सई खेळायला गेलेली असायची. अंडी मात्र भरपूर. हीप्स, असं सई म्हणायची. आई ती ग्रॅहमला कुंपणावरून द्यायची. तो "थँक्यू डार्लिंग" म्हणायचा, ती "बरं बरं" म्हणायची. तिच्या दिवसातलं बोलणं एवढंच.

व्हिसा बराच शिल्लक असताना तिने जायची गोष्ट काढली. माझा तोल गेला. "तिथे काय आहे तुझं? परडं गेलं. कोंबड्या गेल्या. काँक्रीटवर बसणार आहेस का?"

"बसतीया की," ती म्हणाली. "भाडेकरणी येऊन बसत्यात शेजारी. शेंगा फोडतो."

"दादाने तुला एका शब्दाने विचारलं नाही तेव्हा!"

"तू विचारलंस व्हय, कोंबड्या हव्यात का म्हणून?"

मी उठून बाहेर गेलो आणि शाबूत असलेल्या जाळीला उगीच खिळे ठोकत बसलो.

निघायच्या सकाळी बॅगा गाडीत ठेवून आत आलो, तर किचनमध्ये आई सईचा हात धरून आयलंडला फेऱ्या मारत होती. सावकाश, गुडघा दुखत असल्यासारखी. सई हसत होती, "आजी, व्हॉट आर वी डूइंग?" आई चालतच राहिली. तिसरी फेरी संपल्यावर तिने सईच्या डोक्यावरून हात फिरवून बोटं मोडली. वैशाली सिंकपाशी पाठ करून उभी होती.

मला राहवलं नाही. थट्टेच्या सुरात म्हणालो, "आणि मी?"

"तुला कशाला? तुला फिरवलाय की न्हानपणीच. परड्यातल्या चुलीभोवती." ती चपला शोधत होती. "तू तिकडचाच हाईस."

विमानतळावर ती व्हीलचेअरमध्ये बसली आणि मागे न बघता गेली. परत रोटोटुनात पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. पाहतो तर खुराड्याचं दार सताड उघडं. सकाळी केव्हातरी तिने ते उघडून ठेवलं होतं. हिरवळ उकरलेली, वैशालीची मेथी साफ. मी शिव्या देत आत डोकावलो. तिन्ही दांडीवर एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. कुणी हाकललं नव्हतं, कुणी बोलावलं नव्हतं.

यंदा, २०१९ मध्ये, मी गावी जाऊन आलो. आई बरी आहे, ऐकू कमी येतं. दुपारी सगळे झोपलेले असताना मी मागे गेलो. चूल नेमकी कुठे होती ते मला पेरूच्या खुणेने ठाऊक होतं, पण पेरूच नव्हता. अंदाजाने जागा काढली. दोन भाड्याच्या खोल्यांमधली भिंत तिथून गेलीय. मी अर्धी फेरी मारली आणि भिंतीशी थांबलो. पलीकडे कुणाचा तरी संसार, भांडी वाजत होती.

दादा दारात येऊन उभा राहिला. त्याचेही केस गेलेत. "काय हरवलं रे?" त्याने विचारलं.

इतक्या वर्षांची उत्तरं पोटात तयार होती. एकही बाहेर आलं नाही. "काही नाही," म्हणालो. तो म्हणाला, "चल, चहा टाकलाय."

आता रोटोटुनात कोंबड्या मी रोज सकाळी मोकळ्या सोडतो. दिवस मावळला की त्या ओळीने आत जातात. सई त्यांच्यामागे घराकडे पळते, किचनचा दिवा लागतो, काचेतून आयलंडभोवती मायलेकी दिसतात. मी खुराड्यापाशी असतो. कड्या बाहेरून आहेत. त्या लावायला कुणाला तरी बाहेर राहावं लागतं.