फक्त स्वतःपुरतं

आमच्या ऑफिसातल्या मॅडमचा डबा उघडत नसे, फाटत असे. जेवणाच्या सुट्टीत आम्ही बायका डबे मांडून बसलो की त्या पर्समधून एक पाकीट काढायच्या, कोपरा दातांत धरायच्या आणि चर्रकन फाडायच्या. चहावाल्याकडून गरम पाणी घेऊन त्यात उपमा नाहीतर शेवया भिजवायच्या. कुणी भाजी पुढे केली तर हात आडवा धरायच्या. "पोट भरलं की झालं. उगाच सोहळा नको."

ठाण्याच्या त्या ऑफिसात मी नवीन होते. मला वाटलं, यांना स्वयंपाक येत नसणार. तुम्हालाही तसंच वाटलं असतं. एकटी बाई, नोकरी, कोपरला स्वतःचं छोटं घर. आपण लगेच ठरवून मोकळे होतो. पुढे मी त्यांच्याच गल्लीत राहायला गेले तेव्हा खरं काय ते कळलं. आई लवकर गेलेली. टेंभी नाक्याजवळच्या चाळीत वडील, काका आणि धाकटा भाऊ. या तिघांचं रांधणं मॅडमच्या गळ्यात शाळेत असतानाच पडलं, आणि नोकरी लागल्यावरही सुटलं नाही. वडील आणि काका गेल्यावर, भावाचं लग्न ठरलं तेव्हा त्यांनी कोपरचं घर घेतलं आणि सरळ निघून आल्या. भाऊ चिडला. बरेच दिवस बोलला नाही. मॅडमच्या ओट्यावर त्यानंतर फक्त चहा उकळत राहिला.

रिटायर झाल्या आणि शुगर निघाली. डॉक्टरांनी पाकिटं बंद केली, ताजं खा म्हणाले. मॅडम माझ्याकडे येऊन त्या डॉक्टरवरच उखडल्या. "ताजं खा म्हणे! ताजं काय आभाळातून पडतं? कुणीतरी बाई ते निवडत, चिरत, शिजवत उभी असते." मग डबा लावला. तो तेलात पोहत यायचा. एका पावसाळ्यात कोपर स्टेशनबाहेर बसणाऱ्या भाजीवालीकडे त्यांना शेवळं दिसली. ही रानभाजी त्यांनी उगाच, घासाघीस करत घेतली. भाजीवाली आगरी, तोंडाची फटकळ. "काकडं पण ने गो बाय, आंबट फलं घातल्याबिगर घसा खाजल." मॅडमना वाटलं, ही बाई जास्तीचं गळ्यात मारतेय. काकडं घेतलीच नाहीत.

संध्याकाळी माझ्या दारात उभ्या. डोळ्यांत पाणी, घसा धरलेला, आणि चक्क हसताहेत. "खाजतंय गं! पण काय चव आहे!" मी कोकमाचं पाणी दिलं. ते त्यांनी घोट घोट करत संपवलं. मग म्हणाल्या, "तुला सांगू? एवढी वर्षं सगळ्यांना वाढलं, पण मी खाताना चव अशी घेतलीच नाही. उरेल ते पोटात ढकलायचं आणि भांड्यांना बसायचं."

दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा भाजीवालीपुढे हजर झाल्या, आणि या वेळी काकडं घेतली.

त्यानंतर त्यांनी एक छोटी लोखंडी कढई आणली, एका माणसाची. हिरवा माठ, कोवळी भेंडी, मोड आलेले वाल. शुक्रवारी ताजे बोंबील. मी एकदा न सांगता गेले तेव्हा ताटात बोंबलांचं कालवण आणि तांदळाची भाकरी होती. वास असा की मी बसलेच. मॅडमनी मला चहा दिला आणि स्वतः माझ्यासमोर जेवायला बसल्या. "हे माझ्यापुरतं आहे. रागावू नकोस." मी रागावले होतेच. त्या मात्र काटे सावकाश बाजूला करत, प्रत्येक घास चघळत जेवल्या. कुणाला काय हवं ते बघायला एकदाही उठल्या नाहीत. ते पाहता पाहता माझा राग कुठे गेला कळलं नाही.

मग भाऊ आला. त्याच्या बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. मी तिथेच होते.

"ताई, ऐकलं की तू पुन्हा स्वयंपाक करतेस. मग इथे एकटी कशाला? चल घरी. तुझ्या हातची आमटी खाऊन किती वर्षं झाली!"

मॅडम मेथी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मी कढई सोडली तेव्हा रुसलास. आता धरली तर लगेच न्यायला आलास?"

"घरचं माणूस म्हणून म्हणतोय गं."

"मी माझ्यासाठी करते. मला आवडायला लागलंय आत्ता कुठे. ते मी कुणाला देणार नाही." मेथीची अर्धी जुडी त्याच्यापुढे सरकवली. "आमटी हवी ना? बस. निवड."

तो उठून गेला. बिल्डिंगमधल्या बायका म्हणाल्या, काय हे दगडाचं काळीज! मॅडमनी जिन्यातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशी लसणीची फोडणी दिली.

काही महिन्यांनी त्यांचा फोन आला. "ये जेवायला. दोघींचं केलंय." मला कुणी बोलावलं म्हणून इतका आनंद कधी झाला नव्हता.

गेल्या वर्षी त्या गेल्या. दवाखान्यात, दोन-चार दिवसांतच. दिवसकार्य झाल्यावर भाऊ घर आवरायला आला. चावी माझ्याकडे होती, म्हणून मीही गेले. दुपार झाली. सत्तरीचा तो माणूस खुर्चीत थकून बसला होता. मी येताना बाजारातून घेतलेला दुधी ओट्यावर ठेवलेला, त्याच्याकडे बघून म्हणाला, "वहिनी, सकाळपासून पोटात काही नाही. तेवढी भाजी टाकता का?"

'हो, टाकते' माझ्या ओठांवर आलंच होतं.

"कशी करायची ते सांगते," मी म्हणाले. "सुरी त्या खणात आहे."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग उठला. सालाबरोबर निम्मा दुधी सोलून टाकला. मोहरी तडतडली तसा दचकून मागे सरला, पुन्हा पुढे आला. भाजी शिजत आली.

"मीठ किती?"

"मला नका विचारू. चाखून बघा."

त्याने डावाने थेंबभर रस तळहातावर घेतला, चाटला, डोळे मिटून उभा राहिला.

"कमी आहे," तो म्हणाला, आणि मिठाच्या बरणीकडे हात नेला.