प्रोकोलोचे दोन आवाज

जमीन हलली की इटलीतल्या पोत्सुओली गावातली माणसं आधी घराबाहेर पळतात, मग एकमेकांना हाका मारतात, आणि सगळे धड आहेत असं दिसलं की पालिकेला फोन लावतात. तो फोन उचलायला प्रोकोलो लुचिन्यानो बसलेला असायचा. साठीला टेकलेला, पोट सुटलेलं, मिशा नीट कातरलेल्या. आवाज असा, की रडणाऱ्या पोराने रडणं थांबवून ऐकत राहावं.

"पालिका मदत कक्ष. बोला, ऐकतोय मी."

"अहो साहेब, हलतंय!"

"हो बाई, आम्हालाही कळलं. धक्क्यांची मालिका सुरू झालीय. आत्ता कुठे आहात तुम्ही?"

"जिन्यात."

"जिन्यात थांबू नका. खाली उतरा, मोकळ्यावर जा. गॅस बंद केलात?"

"अगंबाई, कॉफी ठेवली होती!"

असे फोन. एक निवृत्त मास्तर दर वेळी तेच विचारायचे, "जमीन वर येतेय म्हणता ना, मग माझं तळमजल्याचं घर आता पहिल्या मजल्यावर धरायचं का? घरपट्टी वाढवाल तुम्ही." एका बाईला केस रंगवायला जावं की जाऊ नये, हे पालिकेकडून पक्कं हवं असायचं. अर्ध्या डोक्याला रंग थापून रस्त्यावर उभं राहायची तिची तयारी नव्हती. प्रोकोलो सगळ्यांना पुरून उरायचा. शेजारच्या टेबलावरची नुन्झिया वयाने त्याच्या निम्मी. ती चिडून फोन आपटायची आणि त्याच्याकडे बघत राहायची.

"काका, तुमच्या अंगात रक्त आहे की कॅमोमाइलचा काढा?"

"काढाच," तो म्हणायचा. "साखर न घातलेला."

टेबलाखाली त्याचा डावा पाय मात्र शिवणयंत्रावर बसल्यासारखा हलत असायचा. ते नुन्झियाला दिसायचं नाही.

प्रोकोलोचा जन्म बंदरावरच्या टेकाडावरचा, जुन्या वस्तीतला. तो शाळेत जायला लागला न लागला तोच गावाखालच्या ज्वालामुखीमुळे जमीन फुगून वर यायला लागली. बंदराच्या धक्क्याला बांधलेल्या होड्या चिखलात बसल्या, भिंती तडकल्या, आणि एका सकाळी सैनिक ट्रक घेऊन आले. आईने चुलीवरचा वाल तसाच सोडला, एका हातात गादी आणि दुसऱ्या हातात प्रोकोलो धरला. तिला ट्रकमध्ये चढवताना एक कोवळा सैनिक म्हणाला, "रडू नका बाई, चार दिवसांचा तर प्रश्न आहे." बिचाऱ्याला तरी काय ठाऊक! लुचिन्यानोंच्या घरातलं कुणी पुन्हा त्या टेकाडावर राहायला गेलं नाही.

नव्या वस्तीत संसार लागतो न लागतो, प्रोकोलोला मिसरूड फुटलं, आणि जमीन पुन्हा उठली. पुन्हा बोचकी, पुन्हा दुसरं घर, आणखी लांब, जिथून समुद्राचा वासही येत नव्हता. त्यानंतर आईने मरेपर्यंत भिंतीला खिळा म्हणून ठोकू दिला नाही. "कशाला? परत काढावाच लागेल ना," म्हणायची.

म्हणून लग्नानंतर प्रोकोलोने हट्टाने बंदराजवळच्या एका अरुंद गल्लीत घर घेतलं आणि पहिल्याच दिवशी हातोडी घेऊन बसला. फोटो, आरसा, तवे, टोप्या, जे दिसेल ते त्याने भिंतीला टांगलं. बायकोला, मेलिनाला, म्हणाला, "आता मला इथून न्यायचं असेल तर आडवा न्या."

पालिकेत तो आयुष्यभर ओळखपत्रं देण्याच्या खिडकीवर बसला. गेल्या काही वर्षांत धक्के वाढले, मदत कक्ष सुरू झाला, आणि त्याचा आवाज ऐकून साहेबांनी त्याला तिथे बसवलं. तिथे तो सगळं जसंच्या तसं सांगायचा. हलतंय तर हलतंय. थांबेल की नाही ते माहीत नाही तर नाही. "चार दिवस" हे दोन शब्द त्याच्या तोंडून फोनवर कधी निघाले नाहीत.

आणि हाच माणूस घरात शिरला की दुसराच व्हायचा.

मेलिना शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची. तिने एक बॅग भरून दाराशी ठेवली होती. प्रोकोलो रोज ती उचलून कपाटात टाकायचा आणि मेलिना रोज ती पुन्हा बाहेर काढायची.

"ही बॅग वाटेत कशाला?"

"वाटेतच हवी. पळताना कपाट धुंडाळत बसू?"

"कोण पळतंय? काही झालेलं नाही."

"सकाळी पलंग सरकला, प्रोको."

"ट्रक गेला असेल."

"या गल्लीत ट्रक? इथे गाढवाला वळता येत नाही!"

"मग तूच कूस बदलली असशील."

मेलिना भांडी जरा जास्तच आपटून घासायची. तिची बहीण रोझाल्बा फोर्मियाला राहायची, तिथे जमीन हलत नव्हती. तिथे महिनाभर जाऊन राहू, असं मेलिना दर रविवारी काढायची. प्रोकोलो कधी रोझाल्बाच्या अळणी स्वयंपाकावर घसरायचा, कधी तिच्या नवऱ्याच्या घोरण्यावर, पण मूळ गोष्टीवर यायचाच नाही.

तो झोपायचाही नाही धड. पायजम्याच्या खिशात गाडीची किल्ली, पलंगाखाली बूट, नाड्या सैल करून ठेवलेले. पहाटे उठून स्वयंपाकघरात जायचा. तिथे ओट्याच्या वर एक भेग पडली होती. आधी केसाएवढी होती, मग त्यात नख जायला लागलं. ज्या दिवशी बोटाचं पेर आत गेलं, त्या दिवशी त्याने मासळीवाल्याकडून मिळालेलं मोठं कॅलेंडर तिच्यावर टांगलं. मेलिनाने विचारलं, कॅलेंडर कशाला? तो म्हणाला, रंग छान आहेत.

वसंतात एका दुपारी, लोक जेवायला बसायच्या वेळेला, मोठा धक्का बसला.

प्रोकोलोची पाळी संपली होती. तो कोट घालून दाराशी पोचला होता. आधी तो आवाज आला, जमिनीखालून लोखंडी कपाट ढकलत नेल्यासारखा. मग छताचा एक तुकडा निखळून बरोबर त्याच्या रिकाम्या खुर्चीवर पडला. धूळ उडाली. नुन्झिया टेबलाखालून बाहेर आली ती खोकतच. आणि सगळे फोन एकदम वाजायला लागले.

प्रोकोलोने कोट न काढता शेजारची खुर्ची ओढली.

पहिला फोन मास्तरांचा. आज पट्टीचं काही नव्हतं. "साहेब, बायको उठत नाहीये," एवढंच म्हणाले. ती घाबरून पलंगाखाली शिरली होती आणि बाहेर यायला तयार नव्हती. प्रोकोलोने तिच्या कानाशी फोन धरायला लावला आणि तिला बाहेर काढलं. दुसरा, तिसरा. घशात धूळ बसून त्याचा आवाज फाटला होता. आजूबाजूला ओरडाआरडा, खाली रस्त्यावर गाड्यांचे भोंगे.

"मदत कक्ष. बोला."

"नुन्झिया आहे का हो तिथे? मी नेहमी तिच्याशीच बोलते."

त्याने ओळखलं. तीस-बत्तीस वर्षं ज्या आवाजाने उठत आलो तो आवाज न ओळखून कसं चालेल! तिने मात्र ओळखलं नाही. तिच्या हिशेबाने तो एव्हाना वाटेत असायला हवा होता.

"मेलिना, मी बोलतोय," एवढंच म्हणायचं होतं. पण तोंडून भलतंच निघालं.

"ती दुसऱ्या फोनवर आहे, बाई. मला सांगा."

"बाजूच्या ब्रिजिदामावशींच्या घरातून बोलतेय. माझ्या स्वयंपाकघराची भिंत फुगलीय, साहेब. आधी भेगच होती. नवऱ्याने तिच्यावर कॅलेंडर टांगलं होतं. त्याला वाटतं मला दिसत नाही. मी रोज कॅलेंडर उचलून बघायची आणि इथे फोन करून नुन्झियाला विचारायची, की एवढी झाली, आता काय करू."

प्रोकोलोने नुन्झियाकडे पाहिलं. तिचं लक्ष नव्हतं.

"नवऱ्याला का नाही विचारलंत?" हे मदत कक्षातलं वाक्य नव्हतं.

"तो तुमच्याकडेच कामाला आहे हो, म्हणून तो वाटेत असतानाच मी फोन करते. गावाला सगळं खरं सांगतो आणि घरी आला की मला ट्रकच्या गोष्टी सांगतो. त्याला घाबरलेलं बघवत नाही मला, म्हणून मीही काही बोलत नाही. आणि आता त्याचा फोन लागत नाहीये. बोगद्याच्या रस्त्याने येतो तो. तिथे काही पडलंबिडलं नाही ना? तेवढं बघून सांगाल का?"

आता मात्र त्याच्याने राहवेना.

"मी वाटेत नाहीये, मेलिना. इथेच आहे."

पलीकडून अगदी हळू, "प्रोको?"

"हं."

"मेल्या, 'बाई' म्हणत होतास मला?"

"ऐक. घरात परत जाऊ नकोस. काहीही आणायला जायचं नाही. ब्रिजिदामावशींना घे आणि फुटबॉलच्या मैदानावर जा. भिंतींच्या कडेने चालू नका, मधून चाला. कौलं पडतायत."

"हे घरी बोलला असतास तर."

"हो," तो म्हणाला. "मला भीती वाटते, मेलिना. लहानपणापासून वाटते. आता जा."

"तू येतोस?"

समोर फोनचे सगळे दिवे लुकलुकत होते. नुन्झियाने दोन कानांना दोन फोन लावले होते आणि डोळ्यांनी त्याला विनवत होती.

"लगेच नाही येता येणार," त्याने खरं ते सांगितलं.

तो निघाला तेव्हा संध्याकाळ झाली होती. मैदानावर अख्खी वस्ती लोटली होती. कुणी घडीच्या खुर्च्या आणल्या होत्या, कुणी पिंजऱ्यासकट पोपट. एका कोपऱ्यात म्हातारे पत्ते कुटत होते, आणि खानावळवाल्याने मोठ्या पातेल्यात बटाटे घातलेला पास्ता शिजवायला ठेवला होता. लोकांनी प्रोकोलोला ओळखलं. आवाजावरून ओळखलं, कारण चेहरा धुळीने माखला होता. त्याच्याभोवती गराडा पडला. कधी थांबेल? घरी झोपायचं का? शाळा उघडणार का? तो एकेकाला उत्तर देत पुढे सरकत होता. ब्रिजिदामावशी खुर्चीत बसल्या बसल्या ओरडल्या, "अरे सोडा त्याला! आज त्याला दुसरीकडे उत्तर द्यायचंय!"

मेलिना गोलच्या खांबाला टेकून उभी होती. पायाशी बॅग. त्याला पाहून तिने आधी त्याच्या कोटावरची धूळ झटकली, जरा जोरातच. मग म्हणाली, "कॅलेंडर!"

"रंग छान होते," तो म्हणाला. तिला हसायचं नव्हतं, पण हसू आलंच, आणि मग हसता हसता ती रडली.

दुसऱ्या दिवशी अग्निशमन दलाची माणसं घर बघून गेली. राहण्यालायक नाही असं ठरलं. गरजेच्या वस्तू घ्यायला दोघांना एका जवानासोबत आत सोडलं. प्रोकोलोने भिंतीवरचं सगळं पाहिलं, तवे, टोप्या, आरसा, आणि आईचा फोटो तेवढा काढून घेतला. खिळा तसाच राहू दिला. ब्रिजिदामावशींचंही घर गेलं होतं. जिन्यात त्यांनी त्याला धरलं.

"प्रोकोलो, मला बाकी काही नको. किती दिवस, तेवढं सांग."

मेलिना त्याच्याकडे बघत होती.

"माहीत नाही, मावशी," तो म्हणाला. "महिने लागतील. कदाचित परत येताच येणार नाही. कळलं की मी स्वतः येऊन सांगेन."

मावशींनी त्याला एक शिवी हासडली, मग त्याचा गाल थोपटला आणि भाच्याच्या गाडीत जाऊन बसल्या.

प्रोकोलो आणि मेलिना फोर्मियाला रोझाल्बाकडे गेले. प्रोकोलो तिथून रोज पहाटेच्या गाडीने कामावर यायचा. गंमत अशी, की फोर्मियाला जायचा ध्यास जिने घेतला होता, तिलाच तिथे चैन पडेना. जमीन हलत नाही तर हिला झोप येईना. बहिणीच्या स्वयंपाकघरात ती मिठाचा डबा शोधत फिरायची, दोघी बहिणींची जुंपायची, आणि प्रोकोलो दारात पाऊल ठेवतो न ठेवतो तोच मेलिना विचारायची, "आज काय झालं?"

आता तो सगळं सांगायचा. किती हलली, कुठे हलली, कुठल्या गल्लीत कौलं पडली, वेधशाळेचे लोक काय म्हणाले, साहेबांचा चेहरा कसा होता. जेवताना सांगायचा, दात घासताना सांगायचा. इतक्या वर्षांचं साठलेलं, संपायचं नावच घेत नव्हतं.

"सैनिकाने मला ट्रकमध्ये उचलून ठेवलं ना," एकदा दिवा मालवल्यावर त्याने सुरू केलं, "तेव्हा माझा एक बूट—"

"प्रोको," मेलिना उशीत तोंड खुपसून म्हणाली, "बूट उद्या सांग. गाडी पहाटेची आहे."

त्याने पांघरूण ओढलं. पलीकडच्या खोलीत रोझाल्बाचा नवरा घोरत होता. थोड्या वेळाने मेलिनाच कुशीवर वळली.

"बरं, सांग. बुटाचं काय झालं?"