दगडाला सोडा पाजणारे सर

“शेठ, दगडाला भूक असते!” असं म्हणत सर खिशातून काळ्या दगडाचा चुरा काढायचे आणि माझ्या सोड्याच्या टेबलावर ओतायचे. वेडी माणसं तुम्हीही पाहिली असतील. पण दगडाला जेवू घालणारा माझ्याच दुकानी आला.

सर परभणीच्या कॉलेजात रसायन शिकवायचे. ते सांगायचे, कारखान्यांच्या चिमण्यांतून आभाळात जाणारा कार्बन डायऑक्साइड म्हणजे तुझ्या सोड्यातलाच गॅस. तो पाण्यासकट जमिनीखाली कोंडला, तर आपला काळा पाषाण तो खाईल आणि त्याचा पांढरा दगड होईल. हे बघायला जमिनीखालचा दाब आणि ऊब असलेलं भांडं हवं. आणि दाबाचा गॅस अख्ख्या गावात माझ्याकडे!

पहिलं भांडं लोखंडी नळीचं. आत चुरा आणि पाणी, वरून झाकण, बोल्ट. मी गॅस सोडला. झाकण उडालं ते, खोटं कशाला सांगू, थेट दूरच्या झरी गावच्या शिवारात सापडलं. तिथली एक म्हैस त्या दिवसापासून दुप्पट दूध देते.

कॉलेजचे प्राचार्य म्हणाले, “दिवाळीपर्यंत दगड पांढरा करून दाखवा, नाहीतर हा बॉम्ब भंगारात.”

सरांना अन्न गोड लागेना. एकदा दुकानाच्या बाकावर विद्यापीठाच्या नामांतराचा वाद तापलेला, आणि सर सोड्याच्या बाटलीतली गोटी अंगठ्यानं दाबत बसलेले.

“शेठ, हिला वर कोण धरतं?”

“गॅसच की! जितका गॅस जास्त, तितकी घट्ट.”

“मग आपण झाकण बाहेरून का लावायलोय?”

नवं झाकण आतून बसवलं. गॅसनंच ते दाबून धरलं. ही अक्कल माझी, असं मी गावभर सांगितलं. सर कधी नाही म्हणाले नाहीत. भांडं शेजारच्या फुटाण्याच्या भट्टीला टेकवलं. भट्टीवाला रोज ओरडायचा, “सर, दगुड शिजला का न्हाई?”

“शिजायलाय!”

दिवाळीच्या तोंडावर भांडं उघडलं. चुरा धुऊन उन्हात वाळवला. कडेकडेनं पांढरी साय.

“फुटाण्याचं मीठ आहे हे,” प्राचार्य म्हणाले.

सरांनी टेबलावरचं लिंबू उचलून कापलं आणि चुऱ्यावर पिळलं. आम्ही सगळे वाकलो. कोरड्या दगडातून बारीक बुडबुडे फुटायला लागले.

“आपण कोंडलेला गॅस,” सर हळूच म्हणाले.

प्राचार्यांनी दुसरं लिंबू स्वतःच कापलं.

पुढच्या उन्हाळ्यात एका मोठ्या प्रयोगशाळेनं सरांना भांड्यासकट बोलावून घेतलं. एसटीचा कंडक्टर म्हणाला, “सामान टपावर!” भांडं एकटं पाठवायला सर तयार होईनात. शेवटी तेही शिडीनं वर चढले. गाडी वळली तेव्हा मांडी घालून बसले होते. एका हातानं टोपी धरलेली, दुसऱ्यानं भांडं. मला हात करायचं तेवढं सरांचं राहूनच गेलं.