आडवं पडल्याशिवाय भाव नाही

कापडाचा भाव करण्यात सुरतेचा हात कोणी धरू शकत नाही, असं जग मानतं. जगानं आमच्या खालच्या मजल्यावरच्या मावशी पाहिलेल्या नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. पर्वत पाटियाच्या कापडबाजारात एका पेढीवर साड्यांना किमतीच्या चिठ्ठ्या लावण्यात माझा जन्म चालला आहे; नुसता हात फिरवून भाव सांगतो, अशी माझी थोडी ख्यातीही आहे. पण मावशींच्या गोधड्यांपुढे माझी अक्कल पार गहाण पडली. अमळनेरकडच्या खेड्यातून लग्न होऊन त्या इथं आल्या. आधी नवऱ्यानं आणि मग मुलानं लूमवर दिवस काढले, आणि मावशींनी घरात चिंध्यांची अशी गाठोडी रचली, की पाहुण्याला बसायचं म्हणजे आधी एक गाठोडं मांडीवर घ्यावं लागे. रस्त्यात कापडाचा तुकडा दिसला की त्यांची चालच बदलायची. एकदा माझ्याशी बोलता बोलता माझ्या शर्टाची बाही चिमटीत धरून म्हणाल्या, "भाऊ, हाऊ फाटना की माले देजो." शर्ट नवा होता.

गोधडीचा भाव विचारला की त्या उलट विचारत, "हाई गोधडीमा कोन झोपी?" बाळंतिणीसाठी असेल तर काम नारळावर भागे. रात्रपाळीवाल्यासाठी असेल तर भाव निम्मा, कारण त्याला दिवसा झोपायचं आणि दिवसाची झोप कच्ची. भिंतीवर टांगायला म्हणून मागणाऱ्या एका हौशी जोडप्याला मात्र त्यांनी असा आकडा सांगितला, की त्यात भिंतही आली असती. परिणाम एवढाच, की गल्लीभर मावशींच्या गोधड्या आणि मावशींच्या घरात नारळ. मुलगा वैतागला. "चिंध्यासले कोन पैसा दी?" असं म्हणत त्यानं शेवटी सांगून टाकलं, की अडाजणला हस्तकलेचं प्रदर्शन भरतंय, तिथं एक तरी गोधडी धड भावानं विकून दाखव, नाही तर ही सगळी गाठोडी भंगारवाल्याला देतो. त्या संध्याकाळी सुईत दोरा ओवायला मावशींनी सुई माझ्याकडे दिली, आणि हे यापूर्वी कधी झालं नव्हतं.

मग मी हिरिरीनं पुढे झालो. भाव ठरवणं हा माझा प्रांत. कागदाच्या चिठ्ठ्या फाटतात म्हणून मांजरपाटाच्या पांढऱ्या पट्ट्या कापल्या, न पुसणाऱ्या शाईनं एकेकीवर किंमत लिहिली, आणि गोधड्यांना टाचायला मावशींकडे दिल्या. पटकन विकल्या जाव्यात म्हणून आकडे जरा कमीच ठेवले होते. प्रदर्शनाच्या सकाळी हॉलवर जाऊन पाहतो तर एकाही गोधडीवर किंमत नाही. पट्ट्या कुठे गेल्या विचारलं, तर मावशी शांतपणे म्हणाल्या, "चांगलं मांजरपाट व्हतं. वाया कसाले जाऊ देऊ?" माझ्या सगळ्या किमती त्यांनी ठिगळांच्या खाली भरून वर धावदोरा घालून टाकला होता.

तेवढ्यात प्रदर्शन भरवणाऱ्या बेन तरातरा आल्या. सकाळपासून हॉलभर पळून त्यांचा चेहरा उतरला होता. किंमत लावली नाही तर टेबल रिकामं करा, असं त्यांनी बजावलं. मी घाईघाईनं खिशातलं पेन शोधू लागलो. मावशींनी मात्र टेबलाखालून चटई ओढली, तिच्यावर एक गोधडी अंथरली, दुसरी हातात घेतली आणि आधी झोपा, मग भाव सांगते, असा गुजरातीत हुकूम सोडला, "बेन, जरा सूई जाव. पछी भाव कहूं." बेन चिडल्या, मग हसल्या, आणि लोक बघतायत म्हणून असेल, पण चपला काढून खरोखरच आडव्या पडल्या. मावशींनी त्यांच्या अंगावर गोधडी घातली, कडा पायाखाली खोचल्या आणि कपाळावरचे केस मागे सारले. बेन घोरायला लागल्या. अख्खं प्रदर्शन आमच्या स्टॉलभोवती गोळा झालं. लोणच्याच्या स्टॉलवाले बरण्या सोडून आले. कोणी मोठ्यानं बोललं की मावशी त्याला डोळ्यांनीच गप्प करत. मी नुसता जागच्या जागी नाचत होतो. जाग आल्यावर बेननी गोधडी गळ्यापर्यंत तशीच धरून ठेवली आणि भाव विचारला, "मासी, केटला?"

मावशींनी एकदाच माझ्याकडे पाहिलं, मान ताठ केली आणि मी लिहिला होता त्याच्या दुप्पट आकडा सांगितला. बेननी पैसे काढून दिले आणि गोधडी घेऊन निघाल्या. मी आनंदानं मावशींचे हात धरले, तर त्यांचा चेहरा पडलेला. "बाईनी भाव बी करा नई," त्या म्हणाल्या. "तिले गोधडी आवडनी नई का?" आणि पदर खोचून त्या बेनच्या मागे धावल्या. बेनना त्यांनी दारात गाठलं, भरपूर घासाघीस करायला लावली, थोडे पैसे परत दिले, आणि मग कुठे मावशींच्या तोंडावर हसू आलं. बाकीच्या गोधड्या दुपारपर्यंत संपल्या. गाठोडी घरात राहिली.

पुढे मावशींना कमी दिसू लागलं आणि घर गावाकडे हललं. जाताना त्यांनी मला एक गोधडी दिली. त्या प्रदर्शनाच्या धामधुमीतच शिवलेली, पण माझ्यासाठी म्हणून मागे ठेवलेली. मी भाव विचारला. "तू झोप, मंग सांगसू," असं म्हणून त्या टेम्पोत बसल्या. खालच्या खोलीत आता कटपीसचं गोदाम आहे. मावशींची आठवण फार येते, विशेषतः थंडीत. परवा गोधडी धुऊन वाळत घातली, तर मधलं एक ठिगळ विरलेलं दिसलं. त्याच्याखालून मांजरपाटाची पट्टी डोकावत होती, आणि तिच्यावर माझ्याच अक्षरातला आकडा. उन्हात उभा राहून मी तो पुन्हा पुन्हा वाचला. फारच कमी लिहिला होता.